व्हीलचेअर बास्केटबॉल आणि इंग्रजी भाषेचे अध्ययन : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. तत्पूर्वी मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची या भाषेशी पहिली भेट पाचवीत होत असे. लेखन-वाचनाआधी भाषा मुलांच्या कानांवर पडावी, म्हणून शिक्षक कृतिगीतांचा व सोप्या आज्ञांचा आधार घेतात. ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘जम्प’, ‘टर्न अराउंड’ असे म्हणताच सारा वर्ग उठतो, बसतो, उड्या मारतो. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘संपूर्ण शारीरिक प्रतिसाद’ पद्धतीचे पाठबळ या रीतीस आहे. आज्ञा ऐकून शरीराने कृती केली की शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये भाषांतराची गरज उरत नाही, हे तिचे मर्म होय. तथापि अशा वर्गात एखादे मूल चाकाच्या खुर्चीत बसलेले असेल, तर ‘स्टँड अप’ या पहिल्यावहिल्या इंग्रजी वाक्याला त्याने काय प्रतिसाद द्यावा? पद्धत उत्तमच आहे. मात्र उभे राहू शकणारे शरीर तिने गृहीत धरलेले आहे.

हाच विद्यार्थी पुढे बार्शीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात येतो, तेव्हा इंग्रजीविषयीची त्याची भीती इतर ग्रामीण विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी नसते. पण ती घालविण्याचे मार्ग मात्र त्याला कमी असतात. व्हीलचेअर बास्केटबॉल हा त्यांपैकी एक मार्ग ठरू शकतो. हा खेळ आणि इंग्रजीचे अध्ययन यांचा संबंध नेमका कोठे जुळतो व कोठे तुटतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळाचे स्वरूप

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत तो चाकाच्या खुर्चीवरून खेळला जाऊ लागला आणि १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून त्याला जागतिक स्थान लाभले. मैदानाची लांबी-रुंदी तीच, कड्याची उंचीही तीच म्हणजे ३.०५ मीटर. बदलतात ते थोडे नियम. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना सलग दोनच रेटे देता येतात. त्यानंतर चेंडू जमिनीवर आपटावा, सहकाऱ्याकडे द्यावा किंवा कड्याकडे फेकावा लागतो. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो. त्यामुळे खुर्चीने दिलेली बेकायदा धडक ही त्या खेळाडूची चूक ठरते. शारीरिक क्षमतेनुसार प्रत्येकास १.० ते ४.५ असे गुण दिले जातात आणि मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ पेक्षा अधिक असून चालत नाही. म्हणजे ज्याच्या कमरेवरील स्नायूंवरही ताबा नाही अशा १.० गुणाच्या खेळाडूला संघात केवळ सहानुभूतीपोटी घेतले जात नाही; त्याच्यावाचून संघाचे गणितच जुळत नाही.

भारतात या खेळाची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना २०१४ साली चेन्नई येथे स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या साहाय्याने जेस मार्क्ट या अमेरिकन प्रशिक्षकाने भारतीय खेळाडूंना प्रशिक्षण दिले. महाराष्ट्रात मुंबईच्या महिला खेळाडूंनी या खेळात नाव मिळविले आहे. खडकी येथे १९७४ पासून कार्यरत असलेल्या अपंग सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रामुळे खेळातून पुनर्वसन ही कल्पना मराठी प्रदेशास नवी नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे युद्धात जायबंदी झालेले जवान १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविते झाले, हे तर सर्वश्रुतच आहे.

बोलण्यावाचून न चालणारा खेळ

उभ्याने खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलमध्ये हातवारे पुष्कळ असतात. कर्णधार मूठ उंचावतो, बोटांनी डावाचा क्रमांक दाखवितो. चाकाच्या खुर्चीवर ही सोय आखडते. दोन्ही हात चाकांवर असतात. खूण करण्यासाठी हात उचलला की वेग गेला आणि दिशाही गेली. शिवाय खुर्ची आडवी सरकत नाही. बाजूला जायचे तर आधी वळावे लागते, म्हणून पुढे काय घडणार याची सूचना एक क्षण अगोदर मिळणे आवश्यक असते. ज्या खेळाडूस धड वळवून मागे पाहता येत नाही, त्याच्या दृष्टीने सहकाऱ्याने दिलेली ‘बिहाइंड यू’ ही हाक म्हणजे पाठीमागचे डोळेच होत. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर छातीचे स्नायू दुर्बल होऊन मोठ्याने, दीर्घ काळ ओरडता येत नाही. त्यामुळे हाका एक-दोन अक्षरी ठेवाव्या लागतात. ‘स्विच’, ‘होल्ड’, ‘पिक’, ‘बॅक’, ‘लेफ्ट’. बोलणे येथे उत्साहाचा भाग नसून खेळाचे साधन आहे.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ही परिस्थिती मोलाची ठरते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो बंगळूर प्रकल्प राबविला, त्याचे सूत्रच असे होते की, विद्यार्थ्याचे लक्ष व्याकरणावर नव्हे तर अर्थावर, हाती घेतलेल्या कामावर असते तेव्हा भाषेची रूपे त्याच्या मनात अधिक चांगली रुजतात. नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशा साहित्यावरील कोडी तेथील मुलांनी इंग्रजीतून सोडविली. व्हीलचेअर बास्केटबॉलमधील हाक हे असेच एक काम होय. शब्द चुकला किंवा उशिरा आला तर त्याचे मूल्यमापन परीक्षक करीत नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो.

मराठी भाषकास या हाकांतून वाक्यरचनेचा एक धडा अनायासे मिळतो. मराठीत ‘उजवीकडे वळ’ म्हणताना दिशा आधी येते व क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘टर्न राइट’ म्हणताना क्रियापद आधी येते. ‘तुझ्या मागे’ मधील ‘मागे’ हे शब्दयोगी अव्यय सर्वनामानंतर येते, तर ‘बिहाइंड यू’ मध्ये ते आधी. वर्गात हा क्रम सांगावा लागतो, पाठ करून घ्यावा लागतो. मैदानावर तो कान पकडून घेतो, कारण अर्धी हाक ऐकूनच हात चाकावर फिरलेला असतो.

दुसरी बाब सामाजिक स्वरूपाची आहे. मराठीत आज्ञा देताना ‘थांब’ म्हणावे की ‘थांबा’, याचा निर्णय वय व मान पाहून करावा लागतो. अठरा वर्षांचा मुलगा चाळिशीच्या खेळाडूला ‘थांब, मागे ये’ म्हणण्यास कचरतो आणि ‘थांबा हो, मागे या’ म्हणेपर्यंत संधी निघून जाते. ‘स्टॉप’ या शब्दात असा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजी ही अधिक समतावादी भाषा आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. परंतु खेळापुरती ती वयाचा अडसर दूर करते.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ

बार्शी परिसरातील विद्यार्थ्यास इंग्रजी शब्द येत नाहीत, हा समज तितकासा खरा नाही. त्याच्या रोजच्या मराठीत ते भरपूर आहेत; अडचण त्यांच्या बदलत्या अर्थांची आहे. ‘लिफ्ट’ म्हणजे रस्त्यावर हात दाखवून मिळणारी मोटारसायकलवरची जागा. या खेळात मात्र फायदा मिळविण्यासाठी बैठकीवरून शरीर उचलणे असा तिचा अर्थ होतो आणि तो तांत्रिक गुन्हा ठरतो. ‘क्लास’ म्हणजे खाजगी शिकवणी. येथे तो खेळाडूच्या शारीरिक क्षमतेचा वर्ग. ‘ट्रान्सफर’ म्हणजे नोकरीतील बदली. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याच्या बोलण्यात ती रोजची खाट ते खुर्ची अशी हालचाल. ‘पिक’ म्हणजे उचलणे असे शब्दकोश सांगतो. मैदानावर मात्र प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खुर्ची आडवी घालून त्याला अडकवून ठेवणे म्हणजे पिक. ‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास हे पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या रेट्यास पंच ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणून शिटी वाजवितो, तेव्हा प्रवासाचा गुन्हा कसा होतो हे कळावयास वेळ लागतो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, हे भाषाविज्ञानातील तत्त्व समजावून देण्यास याहून सुलभ उदाहरण क्वचितच सापडेल.

मर्यादा

एवढ्यावरून व्हीलचेअर बास्केटबॉल खेळले की इंग्रजी आले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मैदानावरील इंग्रजी जवळजवळ सर्व आज्ञार्थी असते. तीत भूतकाळ नाही, प्रश्न नाही, ‘कारण’ नाही, ‘जर-तर’ नाही. अ‍ॅशर यांच्या पद्धतीवरही हाच आक्षेप घेतला गेला की, विद्यार्थी आज्ञा पाळण्यास शिकतो, बोलण्यास नव्हे. शिवाय संघातील सर्व जण मराठी असतील तर आणीबाणीच्या क्षणी ‘अरे, बॉल दे की!’ हेच तोंडातून निघेल, आणि ते स्वाभाविकच आहे. इंग्रजीची खरी गरज निर्माण होते ती तमिळ, काश्मिरी, पंजाबी व मराठी भाषक एका राष्ट्रीय शिबिरात येतात तेव्हा. म्हणून स्थानिक संघात मराठीस मज्जाव करणे निरर्थक होय. पंधरा-वीस हाका इंग्रजीतून ठरवून घेणे पुरेसे आहे.

उर्वरित भाषा मैदानाबाहेर घडवावी लागते. सामन्यानंतरची दहा मिनिटे त्यासाठी उपयुक्त ठरतात. ‘होल्ड’ ही हाक ‘आय टोल्ड हिम टू होल्ड’ अशी सांगावी लागली की आज्ञेचे कथन होते आणि भूतकाळ आपोआप प्रवेश करतो. ‘तू डावीकडे का वळलास?’ असे विचारले की ‘बिकॉज’ लागते. गुणपत्रिका भरणे, नियमपुस्तिकेतील एक कलम वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगणे, या गोष्टी त्यापुढच्या होत.

नियमपुस्तिका वाचता येणे हा शोभेचा भाग नाही. आंतरराष्ट्रीय स्तरावरील नियम, वर्गीकरणाची प्रक्रिया आणि पंचांशी होणारा व्यवहार इंग्रजीतून चालतो. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ खेळाडूची हालचाल तपासतात, प्रश्न विचारतात आणि गुण ठरवितात. ३.० आणि ३.५ यांतील अर्ध्या गुणाच्या फरकाने मैदानावरील पाच जणांची निवड बदलते. स्वतःच्या शरीराविषयी स्वतः सांगता न येणाऱ्या खेळाडूस त्या प्रसंगी दुभाष्यावर अवलंबून राहावे लागते. आणि आयुष्यभर इतरांनी आपल्या वतीने बोलण्याचा अनुभव अपंग व्यक्तीस आधीच पुरेसा असतो.

प्रत्यक्ष व्यवहाराच्या अडचणी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती असून त्यांपैकी सुमारे २० टक्के व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी निगडित आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के व शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. क्रीडाविषयक सहभागासाठी उपाययोजना करण्याचे दायित्वही शासनावर टाकले आहे. राखीव जागेपर्यंत पोहोचण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अनेक परीक्षांत इंग्रजीचा भाग असतो.

तालुक्याच्या ठिकाणी पाच-पाचांचे दोन संघ उभे राहणे कठीण आहे. खेळाची खुर्ची साध्या खुर्चीहून निराळी असते. तिची चाके खाली फाकलेली असतात, म्हणून ती चटकन वळते व सहसा कलंडत नाही. साहजिकच ती महागही असते. परंतु आरंभ सामन्यानेच व्हावा असे नाही. दोन-तीन खुर्च्या, एक चेंडू आणि तडे न गेलेला सपाट सिमेंटचा चौक एवढ्यावर हाका देण्या-घेण्याचा सराव होऊ शकतो. पायांनी चालणारे विद्यार्थीही खुर्चीत बसून त्यात भाग घेऊ शकतात. तेव्हा प्रथमच इंग्रजीच्या तासाला सर्वांची उंची सारखी असते.

मैदान बहुधा तळमजल्याच्या पातळीवर असते. अनेक महाविद्यालयांतील भाषा प्रयोगशाळा मात्र वरच्या मजल्यावर आहे आणि तेथे जाण्यास जिना आहे.