विश्लेषण : एमएस्सी केमिस्ट्री की बायोकेमिस्ट्री? प्रवेश घेण्याआधी काय तपासाल?

बीएस्सीचे शेवटचे वर्ष संपत आले की केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांसमोर हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही विषयांच्या नावांत फरक फक्त ‘बायो’ या दोन अक्षरांचा आहे. पण पुढच्या पात्रता परीक्षा, प्रयोगशाळा आणि नोकऱ्या बऱ्याच वेगळ्या आहेत. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी काही गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे.

नेमका फरक काय?

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी घ्या. पॅरा-अमिनोफिनॉल आणि अ‍ॅसिटिक अनहायड्राइड यांच्या अभिक्रियेतून पॅरासिटामॉल तयार करता येते. ही अभिक्रिया कोणत्या तापमानाला करायची, उत्पादन किती मिळेल, त्यात अशुद्धी किती राहिली, हे प्रश्न केमिस्ट्रीचे.

गोळी पोटात गेल्यावर बायोकेमिस्ट्री सुरू होते. यकृतातील एन्झाइम या औषधाच्या थोड्या भागाचे विषारी पदार्थात रूपांतर करतात. ग्लुटाथिऑन हा रेणू त्याला निष्प्रभ करतो. जास्त मात्रा घेतली तर ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि यकृताला इजा होते. हे का आणि कसे घडते, हा बायोकेमिस्ट्रीचा अभ्यास.

दोन वर्षांत काय शिकवतात?

एमएस्सी केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षी साधारणपणे ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल आणि अ‍ॅनालिटिकल या चारही शाखा असतात. अनेक विद्यापीठांत दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन निवडावे लागते. औषध कंपन्यांमुळे ऑरगॅनिक आणि अ‍ॅनालिटिकलकडे ओढा जास्त असतो.

बायोकेमिस्ट्रीत प्रथिने, एन्झाइम, चयापचय, मॉलिक्युलर बायोलॉजी, इम्युनॉलॉजी असे विषय येतात. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

प्रवेश कसा मिळतो?

- आयआयटींसाठी ‘जॅम’ ही परीक्षा आहे. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या एमसीक्यू प्रश्नांना असते.
- ‘जॅम’मध्ये बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र पेपर नाही. केमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा लागतो. एका विद्यार्थ्याला दोन पेपरही देता येतात.
- केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी-पीजी’ आहे.
- राज्यातील विद्यापीठे गुणवत्ता यादी किंवा स्वतःची प्रवेश परीक्षा अशा वेगवेगळ्या पद्धती वापरतात. त्यामुळे प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे पाहावे लागते.

केमिस्ट्रीतून बायोकेमिस्ट्रीत जाता येते का?

येते. अनेक विद्यापीठांत केमिस्ट्रीचे पदवीधर बायोकेमिस्ट्रीसाठी पात्र असतात. उलटा प्रवास मात्र कठीण, कारण एमएस्सी केमिस्ट्रीला पदवीला केमिस्ट्री हा मुख्य विषय असण्याची अट सहसा असते.

डॉ. कमला सोहोनी यांनी हीच वाट धरली होती. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि जीवरसायनशास्त्राकडे वळल्या. १९३९ मध्ये केंब्रिजमधून त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधन गाजले.

नोकरी कुठे?

केमिस्ट्रीवाल्यांसाठी औषध, रंग, कीटकनाशके आणि पॉलिमर कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल, आर अँड डी आणि प्रॉडक्शनची कामे असतात. तारापूर, महाड, कुरकुंभ, लोटे-परशुराम या एमआयडीसी पट्ट्यांत असे कारखाने आहेत. मुलाखतीत एचपीएलसीसारखे उपकरण स्वतः हाताळले आहे का, हे विचारले जाते.

बायोकेमिस्ट्रीवाल्यांना लस, बायोफार्मा, डायग्नोस्टिक किट, अन्नतपासणी आणि क्लिनिकल रिसर्च ही क्षेत्रे खुली असतात. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. एमएस्सी बायोकेमिस्ट्री म्हणजे एमडी बायोकेमिस्ट्री नव्हे. एमडीसाठी आधी एमबीबीएस लागते. केवळ ‘स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकू’ या हिशेबाने प्रवेश घेऊ नये.

शिक्षक व्हायचे असेल तर आणखी एक बाब लक्षात ठेवा. अकरावी-बारावीला बायोकेमिस्ट्री हा वेगळा विषय नाही. त्यामुळे भरतीच्या जाहिरातीत तुमची पदवी केमिस्ट्रीशी समकक्ष धरली आहे का, ते पाहावे.

पीएचडी करायची असेल तर?

सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये केमिस्ट्रीसाठी ‘केमिकल सायन्सेस’ हा पेपर आहे. बायोकेमिस्ट्रीचे विद्यार्थी सहसा ‘लाइफ सायन्सेस’ देतात. तिथे त्यांना वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि पर्यावरणाचाही अभ्यास करावा लागतो. जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. घरभाडे भत्ता वेगळा.

गेटमध्ये केमिस्ट्रीचा स्वतंत्र पेपर आहे. बायोकेमिस्ट्री हा ‘लाइफ सायन्सेस’ पेपरमधील एक विभाग असून, त्या पेपरमध्ये केमिस्ट्रीचा विभाग सर्वांना सक्तीचा आहे.

चार वर्षांची पदवी असेल तर?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची करता येते. निवडलेल्या विद्यापीठात एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू आहे का, याची खात्री करून घ्यावी.

फी भरण्याआधी हे विचारा

- दुसऱ्या वर्षी कोणते स्पेशलायझेशन आहे आणि त्याच्या जागा किती?
- उपकरणे विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात की फक्त दाखवली जातात?
- रिसर्च प्रोजेक्ट कॉलेजमध्येच होतो की बाहेरच्या संस्थेत करता येतो?
- मागच्या दोन बॅचचे विद्यार्थी सध्या कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऑफिसऐवजी सीनियर विद्यार्थ्यांकडून घेतलेले बरे.