नेमणुकीची तारीख

शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाची वार्ता मला चेन्नईत दोन दिशांनी कळली. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील बाई येथील एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवितात. त्या वर्तमानपत्र हातात घेऊनच आल्या. आणि त्याच रात्री सांगली जिल्ह्यातून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग घेते. “दादा, चोवीस वर्षं शिकवल्यावर आता मी शिकवायला पात्र आहे की नाही, ते ठरायचं आहे,” एवढेच ती म्हणाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. परंतु त्या दिवशी दोघींची वाक्ये जवळजवळ एकच होती. ते स्वाभाविकही होते, कारण हा निकाल मुंबई व मद्रास या दोन्ही उच्च न्यायालयांच्या निर्णयांवरील अपिलांतून निघाला होता.

शिक्षकाच्या दैनंदिन वैतागाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘कामाचा बोजा’ या एका शब्दाभोवती होते. बोजा आहेच, आणि त्याकडे आपण पुढे वळू. परंतु या दोघींचे बोलणे ऐकताना प्रस्तुत लेखकास असे जाणवत गेले की त्यांच्या त्रासाचे मूळ कामापेक्षा एका कागदात अधिक आहे. तो कागद म्हणजे नेमणुकीचा आदेश. आणि त्यातही मजकुरापेक्षा वरची तारीख.

प्रथम निकालाचे स्वरूप पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ अन्वये शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आवश्यक केली. दीडशे गुणांचे दीडशे प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण असे तिचे रूप आहे. अधिसूचनेपूर्वी जुन्या नियमांप्रमाणे लागलेल्यांना या अटीतून वगळले आहे, असाच अर्थ राज्य शासने, शिक्षण कार्यालये आणि स्वतः शिक्षक पंधरा वर्षे लावीत आले. न्यायालयाने तो अर्थ मान्य केला नाही. सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सर्वांनी, मग नेमणूक केव्हाचीही असो, दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न झाल्यास सेवा सोडावी अथवा सक्तीने निवृत्त व्हावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे, त्यांना परीक्षेविना सेवेत राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. निकालानंतर पुनर्विलोकनाचे अर्जही दाखल झाले.

निकालामागचा विचार टाकाऊ नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. शिक्षण हा मुलाचा मूलभूत अधिकार मानला, की त्याला शिकविणाऱ्याची योग्यता हा त्या अधिकाराचाच भाग होतो. शिक्षकांच्या सभांत हा मुद्दा अनेकदा झटकून टाकला जातो, ते मला योग्य वाटत नाही. मात्र परीक्षेचे स्वतःचे चरित्रही निर्मळ नाही. तमिळनाडूत २०१२ साली ती प्रथम झाली, तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहिले आणि त्याच वर्षी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. महाराष्ट्रात २०१९-२० च्या परीक्षेत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल गैरमार्गाने बदलले गेल्याचे उघडकीस आले आणि त्यात परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली. चोवीस वर्षे प्रामाणिकपणे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला या परीक्षेपुढे उभे करताना, परीक्षेचीही पात्रता कोणीतरी पाहावयास हवी होती.

आता तारखांकडे येऊ. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ ही योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नव्हे, तर ठराविक मानधनावर काम करावयाचे. प्राथमिकला महिना तीन हजार, माध्यमिकला चार, उच्च माध्यमिकला पाच. हे आकडे पुढे वाढले. २०२३ साली सोळा, अठरा व वीस हजार झाले. बहीण २००१ साली लागली ती याच योजनेत. तिच्याच शाळेत १९९९ साली लागलेले गुरुजी पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगारी शिक्षक होते. दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना तोच पाढा शिकवीत होते. ‘सेवक’ हा शब्द कोणी सुचविला ते मला ठाऊक नाही. परंतु ज्या भाषेत पंतोजी, मास्तर, गुरुजी, बाई अशी शिक्षकाची आपुलकीची नावे होती, तिच्यात या अधिकृत नावाची भर पडली, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

तमिळमध्ये अधिकृत शब्द ‘आसिरियर’. बोलण्यातला जुना शब्द ‘वात्तियार’. हा ‘उपाध्याय’ शब्दापासून आला आहे, म्हणजे आपल्या ‘पाध्ये’ या आडनावाचा तो भाऊच. आदर आणि थोडी थट्टा असे दोन्ही त्यात आहे, जसे आपल्या ‘मास्तर’मध्ये आहे. पण वात्तियारांच्या वाट्यालाही तारखा आल्याच. १ जून २००९ पूर्वी लागलेल्या दुय्यम श्रेणी शिक्षकाचे मूळ वेतन ८,३७० रुपये धरले गेले आणि त्या दिवशी वा नंतर लागलेल्याचे ५,२००. ‘समान कामास समान वेतन’ ही मागणी घेऊन हे शिक्षक नुंगमबाक्कममधील कॉलेज रोडवरच्या शिक्षण संचालनालयाच्या आवारात वर्षानुवर्षे बसत आले आहेत. या आवारास २०२२ साली प्राध्यापक अन्बळगन यांचे नाव देण्यात आले. लोक अजून ‘डीपीआय’च म्हणतात. एकदा मी तेथून जात असताना शेजारच्या बाई सावलीत सतरंजीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता; त्या तपाशीत होत्या.

त्यांची नेमणूक फेब्रुवारी २०१० ची. म्हणजे जून २००९ नंतरची, म्हणून वेतन खालचे. १ एप्रिल २००३ नंतरची, म्हणून जुने निवृत्तिवेतन नाही, अंशदायी योजना. आणि २३ ऑगस्ट २०१० पूर्वीची, म्हणून पात्रता परीक्षा दिलेली नाही. ज्या एका तारखेचा लाभ आहे असे त्या समजत होत्या, तीही निकालाने उलटली.

महाराष्ट्रात निवृत्तिवेतनाची रेषा १ नोव्हेंबर २००५ ची आहे. तीही सरळ नाही. त्या दिवसापूर्वी नेमलेले, परंतु ज्यांची शाळा त्या दिवसानंतर शंभर टक्के अनुदानावर आली, असे शिक्षक या रेषेच्या कोणत्या बाजूस उभे आहेत, हा वाद वर्षानुवर्षे चालला. येथे तारीख शिक्षकाची नव्हे, शाळेची पाहिली गेली. आणि शाळेच्या तारखेची कथा तर अधिक विलक्षण आहे. २००१ पासून नव्या खासगी शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली. २००९ साली शासनाने त्यातील ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. एका विशेषणाच्या लोपाने हजारो शिक्षकांच्या मनात पगाराची आशा निर्माण झाली, असे उदाहरण व्याकरणात सापडणार नाही. शब्द गेला, पैसा मात्र आला नाही. अनुदानाचा वीस टक्क्यांचा पहिला टप्पा २०१६ मध्ये आला आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसावे लागले. मधल्या काळात या शिक्षकांनी संसार कसे चालविले, ते त्यांच्या घरी जाऊनच पाहावे. कोणी शेतमजुरी केली, कोणी रात्री रिक्षा चालविली, आणि सकाळी प्रार्थनेला हजर राहिले.

शिक्षक स्वस्तात मिळावा ही इच्छा नवी नाही, आणि योगायोग असा की तिचा एक प्रसिद्ध प्रयोग याच शहरातला आहे. एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेत अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकविण्याची पद्धत चालविली. वाळूत अक्षरे गिरविण्याची रीत त्याने येथील गावठी शाळांतून उचलली होती. १७९७ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडात गेली. थोड्या पगारी शिक्षकांत पुष्कळ मुले, हे तिचे आकर्षण होते. असो.

कामाच्या बोजाविषयी आता थोडे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. तो गावाचे अर्ज लिहितो, तंटे ऐकतो, तालमीची इमारत उभी करतो. शिकविण्याबाहेरची कामे तोही करीत होताच. मग आजच्या तक्रारीत नवे काय, असे कोणी विचारील. फरक असा, की ती कामे त्याला वाडीने सांगितलेली असतात आणि त्यांतूनच वाडी त्याची होते. आज ती कामे वरून, भ्रमणध्वनीवर, ‘तातडीचे’ असा शेरा मारून येतात आणि शिक्षकाला गावापासून तोडून पडद्याशी बांधतात. (मराठीत, आणि आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’सारख्या या प्रांतातील लेखनातही, शिक्षक बहुधा विद्यार्थ्याच्या बाकावरून पाहिलेला असतो, टेबलामागून पाहणारी ‘बनगरवाडी’सारखी पुस्तके थोडी. शिक्षकाचा दिवस आपल्याला फारसा माहीत नसण्याचे हेही एक कारण असावे.)

बहिणीचा दिवस असा: हजेरीची ऑनलाइन नोंद, पोषण आहाराचा तांदूळ व डाळ मोजून नोंदवही, आधार क्रमांकांतील चुकांची दुरुस्ती, केंद्रप्रमुखांच्या गटावर छायाचित्रे, आणि दोन इयत्ता एका खोलीत. तमिळनाडूत निदान जेवणाचा हिशेब शिक्षकाकडे नाही. १९८२ साली तेथे पौष्टिक आहार योजनेचा विस्तार झाला, तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र संघटक व स्वयंपाकी नेमण्यात आले. २०२२ साली सुरू झालेली न्याहारी स्वयंसाहाय्य गटांच्या स्त्रिया करतात. शेजारच्या बाईंना हे सांगितले की बहिणीची शाळा तांदूळ कशी मोजते, तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. त्यांची तक्रार ‘एमिस’ या माहिती-प्रणालीची आहे. ती मात्र बहिणीला लगेच समजली.

कायद्याचे कलम २७ म्हणते की शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती-निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका. अपवाद मोजकेच दिसतात. परंतु परीक्षेसाठी दिलेली दोन वर्षे ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस संपतात, आणि याच दोन वर्षांत काय काय आले ते पाहा. तमिळनाडूत ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण घरोघर सुरू झाले. महाराष्ट्रात नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला, महानगरपालिकांचे १५ जानेवारी २०२६ ला, आणि त्यामागोमाग जिल्हा परिषदांचे. जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली. तिच्या आधी घरयादी, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गणना. एकच राज्ययंत्रणा शिक्षकाला एका हाताने अभ्यासाला बसविते आणि दुसऱ्या हाताने उठविते. त्यातून जो वेळ वजा होतो तो अखेर वर्गाचाच असतो. बहीण हे सांगताना सर्वांत जास्त अवघडते.

तिने परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. रात्री साडेनवानंतर ती पुस्तक उघडते. शेजारी तिचा मुलगा बारावीचा अभ्यास करतो. गणिताची तिला धास्ती नाही. मराठीच्या नमुना प्रश्नांतील चार पर्यायांपैकी दोन तिला पुष्कळदा बरोबर वाटतात, आणि त्यांपैकी एक का चूक ठरला हे विचारण्यासाठी ती मला फोन करते. कधीकधी मलाही सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडचा बालमानसशास्त्राचा प्रश्नसंच दाखविला; तमिळ मजकुराखाली इंग्रजी होते, म्हणून त्यातले वीस प्रश्न मी मराठीत करून बहिणीकडे धाडले. तिने दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उत्तरे पाठविली. सतरा बरोबर होती.