सात न म्हणणारा माणूस

यंदा दिवाळीला नातू पुण्याहून भंडाऱ्याला आला तो चेहरा पाडूनच. सोळा वर्षांचं पोरगं चकलीला हात लावत नाही म्हटल्यावर त्याच्या आजीने आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि मग मला कामाला लावलं. दोन दिवस खोदून विचारल्यावर उलगडा झाला. प्रश्न एका चोराचा होता.

चोर त्याचाच. चार-पाच मित्र शनिवारी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने तो आणला आणि आता त्याची पिलावळ जगभर झाली आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात. कुलूप उघडलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद किती, अक्कल किती, जवळ मोहरा किती, सगळी नोंद. (जन्मभर कर्जदारांचे असेच कागद तपासल्यामुळे मला हे चटकन समजलं.) नातवाचा लंगडा चोर दोन वर्षांत बराच वर चढला होता. पण गोष्ट सांगणाऱ्या मित्राच्या वडिलांची बदली झाली आणि गोष्ट अर्ध्यात राहिली. नवा गट मिळाला, तर त्यांनी अट घातली: तुझा चोर आण, पण मोहरा नाहीत, जादूचा खंजीर नाही, शून्यापासून सुरुवात.

“मग तो तोच कसा राहील, आजोबा?”

पोराचा असला तरी हा प्रश्न पोरकट नाही. चिं. वि. जोश्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊंना पुस्तकामागून पुस्तकात फिरवलं, अर्नाळकरांचा झुंजार किती कादंबऱ्यांतून धावला, ते आमच्या पिढीला सांगायला नको. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला संपवला आणि १९०३ मध्ये त्यालाच तो परत आणावा लागला. वाचकाला नवी गोष्ट हवी असते, पण माणूस जुनाच हवा असतो. मात्र हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. शिकवलं आमच्या झाडीपट्टीतल्या एका खडी गंमतवाल्याने.

१९८८ साली मी चुलबंद नदीच्या काठच्या एका गावात बँकेच्या शाखेत होतो. (तेव्हा गोंदियाही भंडाऱ्यातच होता, तो जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला.) धान कापून झाले, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा पाळणे, जिलेबी, पाहुण्यांची गर्दी आणि रात्री नाटक, दंडार नाहीतर खडी गंमत. खडी गंमतीत पडदा नाही, विंगा नाहीत. नट उभे, वाजवणारे उभे, आणि लोक भोवती बसलेले. गाणी पाठ, पण बोलणं बरंचसं तिथल्या तिथे सुचेल तसं. आमच्या शाखेचा एक खातेदार त्यात काम करायचा. आज राजाचा वग, उद्या सावकाराचा, परवा हुंडाबंदीचा. हा प्रत्येकात नोकर. नाव वेगळं, मालक वेगळा, पण माणूस तोच. बोटांवर मोजायला लागला की “पाच, सहा, आठ” म्हणायचा. सात कधीच नाही. मोहरा मोजो की मालकाच्या बायका, लोक टपून बसलेले असत आणि सगळं मैदान ओरडे, “सात!” त्यावर हा दचकून मागे पाहायचा, जणू सात नावाचा कोणी माणूस मागे उभा आहे.

बैलजोडीच्या कर्जासाठी तो बँकेत आला. कॅशियरने दिलेल्या नोटा त्याने अगदी बिनचूक मोजल्या, सातासकट. मी गमतीने म्हटलं, “एखाद्या रात्री खेळातही सात म्हणा की.”

तो हसला नाही. “सात म्हनला का थो मेला जी, सायेब,” एवढंच म्हणाला आणि अंगठा उठवून गेला.

या भागातले नट एका हंगामात किती माणसं अंगावर घेतात याचा बाहेरच्यांना अंदाज नसतो. २०२३ साली पद्मश्री मिळालेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी सुमारे ८०० भूमिका आणि ५००० प्रयोग केले, असं तेव्हा जाहीर झालं. एवढ्या नावांखाली एक ओळखीचा माणूस शाबूत ठेवायचा, ही काही सोपी गोष्ट नाही.

मला ते जमलं नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत मालगुजारी तलावाचं पाणी वाटणारा एक म्हातारा आहे. तो मी जवळजवळ तसाच एका गावातून उचलला होता. रात्री कंदील घेऊन बांधावर फिरणारा, भावाच्या शेताला वाटणीपेक्षा थेंबभर जास्त पाणी न देणारा. वाचकांना आवडला, म्हणून दुसऱ्या कादंबरीत पुन्हा आणला. तिथे कथानकाला एक फुटलेला बांध हवा होता, आणि बांध फुटायला राखणदार झोपायला हवा होता. मी त्याला दारू पाजली. एका ओळीत काम झालं.

पुस्तक आल्यावर वर्षभराने एक बाई घरी आल्या. त्या म्हाताऱ्याची मुलगी. वडील वारले होते. चहा घेतला, पुस्तक पिशवीतून काढलं, पान दुमडून ठेवलेलं होतं. म्हणाल्या, “माझे बाबा पीत नव्हते जी.” मी त्यांना समजावलं की कादंबरीतलं पात्र म्हणजे तुमचे वडील नव्हेत, नाव वेगळं, गाव वेगळं. ही सगळी वाक्यं बरोबर होती. त्या मान हलवत ऐकत होत्या. जाताना पुस्तक टेबलावरच राहिलं. विसरल्या की ठेवून गेल्या, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्यानंतर तो म्हातारा मी तिसऱ्या कादंबरीत आणायला बसलो, दोनदा बसलो. आलाच नाही.

नातवाला मी हे सगळं सांगितलं नाही. भाऊबीज झाल्यावर त्याला मंडईला घेऊन गेलो. माझा तो खातेदार आता नाही, बोटं मोजणाराही कोणी नव्हता. पण जो विनोदी नट होता त्याच्या आगमनालाच, तोंड उघडण्याआधी, म्हाताऱ्या बायका हसायला लागल्या. नातू त्यांच्याकडेच बघत राहिला. गारठ्यात शाल ओढून मी त्याला सातवाल्याची हकिगत सांगितली.

परतताना मोटारीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझा चोर कुठेही गेला ना, तरी जेवायच्या आधी कुत्र्याला घालतो. एकदा त्यापायी पकडला गेला होता.”

“त्या कागदावर लिहिलंय हे?”

“नाही. त्याला रकानाच नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने नवा कागद आखला. मोहरा शून्य, खंजीर नाही. चकल्याही संपवल्या.

माझं मात्र अडलं आहे. त्या दुसऱ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशकाने काही दुरुस्त्या असतील तर कळवा म्हणून सांगितलं आहे. ओळ काढली तर बांध फुटत नाही, आणि बांध फुटला नाही तर पुढची सत्तर पानं उभी राहत नाहीत. बाईंची ती प्रत माझ्याकडेच आहे. दुमडलेल्या पानात पेन्सिल घालून ठेवली आहे.