सर्पदंश आणि दोरीचा फास

पावसाळ्यात भाताच्या खाचरात किंवा गवताच्या गंजीपाशी कुणाला पान लागले, की भोवतीच्या माणसांचा हात प्रथम दोरीकडे जातो. दोरी नसेल तर धोतराचा काठ फाडला जातो. विष वर चढू नये म्हणून हात किंवा पाय करकचून आवळला जातो. वाचकहो, ही समजूत निव्वळ खेडवळ नव्हे. तिच्यामागे एके काळी मोठ्या विद्वानाचे पाठबळ होते.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८५९ सालापासून जोसेफ फेअरर हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. सरकारी नोंदींवरून त्यांनी १८६९ सालचा हिशेब मांडला, तेव्हा सर्पदंशाचे ११,४१६ बळी भरले. १८७२ साली त्यांचा विषारी सापांवरील ग्रंथ निघाला. त्यातील देखणी रंगीत चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतील भारतीय चित्रकारांनी काढलेली आहेत. नाना मुळ्या, औषधे व मणी यांची ख्याती फेअररांनी जनावरांवर पारखून पाहिली. एकही उतारा खरा ठरला नाही. तेव्हा दंशाच्या वर घट्ट बंध आवळा, असे त्यांनी सांगितले. प्रतिविषाचा शोध अजून वीसएक वर्षे दूर होता. हाती दुसरे काही नसताना दिलेला हा सल्ला होता, हे आपण विसरता कामा नये.

मग आज तोच सल्ला घातक का? बंगाल्यांचा चंद्रबोडा म्हणजे आपली घोणस. तिचे विष रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांना एकाएकी चेतविते. रक्तात असंख्य सूक्ष्म गुठळ्या होतात व त्यांतच ती द्रव्ये संपून जातात. मग उरलेले रक्त साकळतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून ते वाहू लागते. हेच विष दंशाजवळचे मांसही नासविते. दोरी बांधली की विष तेथेच कोंडते, प्राणवायू पोचत नाही, सूज चढते आणि सुजेबरोबर फास आपोआप अधिक आवळला जातो. पुढे दोरी सोडली की कोंडलेले विष एकदम शरीरभर पसरते आणि उपाशी राहिलेल्या अवयवात रक्त परतताच तेथील दाह आणखी भडकतो. शस्त्रवैद्यही हातापायाचा रक्तप्रवाह थांबवितात. पण दाब मोजून आणि घड्याळ समोर ठेवून. सुंभाच्या दोरीला ना माप, ना वेळ. साप बिनविषारी असूनही केवळ फासापायी पाय कापावा लागणे, याहून मोठे दुर्दैव कोणते?

रुग्णालयात याची पारख फार साधी आहे. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नंतर ती कलती केली असता रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष देण्यास विलंब करीत नाहीत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरही चालणारे प्रतिविष आपल्या देशात घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. मुंबईची हाफकिन संस्था यासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. असे असूनही २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून दंश होताच रोग्यास धीर द्यावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्यापूर्वीच काढावी. मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी सैलसर बांधून अवयव स्थिर ठेवावा. रोग्यास चालवू नये, उचलून न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाच्या दारी वेळ घालवू नये.

आणि आपण पोचण्यापूर्वीच कुणी दोरी आवळली असेल तर? ती वाटेत ओढून सोडू नका. प्रतिविष व श्वासाची साधने हाताशी ठेवून ती डॉक्टरच सोडवतील. दंश केव्हा झाला आणि दोरी केव्हा बांधली, या दोन वेळा मात्र त्यांना नक्की सांगा.