वाकेल तोच बाण सरळ जाईल

कळकाची एक कामटी घ्या. दोन्ही टोकांना खाचा पाडा, कामटी वाकवा आणि सुतळी ताणून बांधा. झालं धनुष्य! आता खराट्यातली एक जाडशी काडी ओढून काढा, आईने बघायच्या आत. झाला बाण! नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या विंझर गावात राहत असाल, तर कळकासाठी फार लांब जावं लागणार नाही. राजगड-तोरण्याच्या या मुलखात कळक काय कमी आहे?

आता बाण सुतळीला लावा. ओढायची घाई करू नका. आधी नीट बघा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या.

बाण धनुष्याच्या मधून जातो की बाजूने?

बाजूनेच! मध्ये तर कामटी आहे. ती काही बाणाला वाट करून देत नाही. डाव्या हातात धनुष्य धरून उजव्या हाताने दोरी ओढत असाल, तर बाण कामटीच्या डाव्या अंगाला टेकतो. दोरी मात्र कामटीच्या बरोबर मधोमध असते. म्हणजे बाणाचं शेपूट मध्यावर आणि टोक डावीकडे. बाण तिरपाच बसला की!

किती तिरपा? चला, गणित करू. समजा कामटी चार सेंटीमीटर रुंद आहे. मध्यापासून तिची कड दोन सेंटीमीटरवर. दोरी न ओढता नुसती असते, तेव्हा ती कामटीपासून वीतभर लांब, म्हणजे साधारण वीस सेंटीमीटरवर असते. बाणाला दोरीचा शेवटचा धक्का बसतो तो इथेच. वीस सेंटीमीटरला दोन सेंटीमीटर डावीकडे, म्हणजे दहाला एक. ऑलिंपिकमध्ये निशाण 70 मीटरवर असतं. दहाला एक या हिशेबाने बाण तिथे पोचेपर्यंत किती डावीकडे जाईल? तब्बल सात मीटर! आणि ज्या निशाणावर तो लागायला हवा, ते आहे फक्त 122 सेंटीमीटर रुंद. बाण निशाणावर सोडाच, शेजारच्याच्या निशाणापलीकडे जायचा.

पण तसं होत नाही. हजारो वर्षं लोक असेच, बाण बाजूला टेकवून मारतायत आणि नेम बरोबर लागतोय. मग आपलं गणित चुकलं का?

गणित बरोबर आहे. आपण मनात धरलेला बाण चुकीचा आहे. आपण धरून चाललो की बाण म्हणजे ताठ, न वाकणारी सळई. खरा बाण तसा नसतोच. तो वाकतो. सुटताना इतका वाकतो की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं!

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. खराट्याची सरळ काडी जमिनीवर उभी धरा. वरच्या टोकावर खोडरबर ठेवा, म्हणजे हाताला टोचणार नाही. आता खोडरबरावर तळहाताने हळूहळू दाबा. सुरुवातीला काडी ताठ उभी राहते. जरा जोर वाढवलात की एका क्षणी ती पोटातून बाजूला फुगते. तुम्ही दाबलं सरळ खाली, पण काडी वाकली आडवी! आता त्याच काडीचा अर्धा तुकडा घेऊन बघा. तो वाकवायला कितीतरी जास्त जोर लागेल. लिओनार्ड ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने 1744 मध्ये याचं गणित मांडलं. लांबी अर्धी केली, तर काडी वाकायला चौपट जोर लागतो.

बाणाचं नेमकं हेच होतं. दोरी त्याला मागून ढकलते. पुढे असतं जड टोक. जड वस्तू चटकन जागची हलत नाही, हे जडत्व तुम्हाला ठाऊक आहे. शेपूट म्हणतं ‘चल’, टोक म्हणतं ‘थांब’, आणि या ओढाताणीत मधली काडी वाकते.

त्यात आणखी एक गंमत. दोरी सोडताना तुम्ही बोटं उघडता. पण दोरी बोटांतून सरळ पुढे निसटत नाही. बोटांच्या टोकांवरून घसरताना ती जराशी बाजूला ढकलली जाते. उजव्या हाताने ओढणाऱ्याची दोरी डावीकडे घसरते. तिच्याबरोबर बाणाचं शेपूटही डावीकडे जातं. आता बाण कुठल्या बाजूला वाकणार, हे ठरून गेलं.

यापुढे जे घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. ऑलिंपिकमधल्या धनुष्यातून सुटणारा बाण सेकंदाला साधारण 60 मीटर वेगाने निघतो. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त! दोरी त्याला सुमारे अर्धा मीटर ढकलते. या सगळ्याला वेळ लागतो सेकंदाचा जेमतेम साठावा भाग. तुमची पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून आपण हा प्रकार सावकाश, एकेक पायरीने बघू.

पहिली पायरी. दोरी सुटली. शेपूट डावीकडे गेलं, टोक जागीच अडलं. त्यामुळे बाणाचं पोट उजवीकडे, धनुष्याच्या अंगाला फुगलं आणि धनुष्यावर दाबलं गेलं.

दुसरी पायरी. वाकलेली काडी तशीच थोडी राहणार? ती उसळते. आता पोट उलट्या बाजूला, डावीकडे फुगतं. बाण धनुष्यापासून सुटा होतो. आता तो कुठेच टेकलेला नाही.

तिसरी पायरी. काडी पुन्हा उसळते. पोट उजवीकडे, शेपूट डावीकडे. आणि नेमक्या याच वेळी शेपूट धनुष्याजवळून जात असतं. पिसं धनुष्याला न घासता अलगद बाजूने निघून जातात.

म्हणजे बाण धनुष्याला वळसा घालून जातो! पुढे हवेतही तो थोडा वेळ डावी-उजवीकडे वळवळत राहतो, ओढ्यातला मासा पोहतो तसा. हळूहळू वळवळ कमी होते. मागची पिसं हवेत अडतात, शेपटाला मागे ओढून धरतात आणि बाणाला सरळ करतात.

पण थांबा. इतका वळवळणारा बाण सरळ कसा जातो? त्याचं उत्तर बाणावरच्या दोन ठिकाणी आहे. एक पन्नास-साठ सेंटीमीटर लांबीची लवचीक कामटी घ्या. टोकापासून पाव लांबीच्या थोडं अलीकडे तिला दोन बोटांत हलकेच धरून लोंबती ठेवा आणि मध्यावर टिचकी मारा. ती छान थरथरत राहील. आता अगदी टोकाला किंवा मध्यावर धरून तेच करा. थरथर लगेच विरते. असं का? कामटी थरथरते तेव्हा सगळी हलते, पण दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. या जागांना निस्पंद बिंदू म्हणतात. तिथे धरलं तर थरथरीला अडथळा होत नाही. बाणालाही असे दोन बिंदू असतात. टोक जड असल्यामुळे पुढचा बिंदू टोकाकडे सरकलेला असतो. बाणाची बाकी काडी हवी तेवढी नाचू दे, हे दोन बिंदू निशाणाच्या दिशेने सरळ रेषेत जातात.

हे कोडं तिरंदाजांना फार दिवस छळत होतं. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी अतिवेगवान छायाचित्रणाने सुटणाऱ्या बाणाचा अभ्यास केला. दोघांनाही तिरंदाजीचा नाद होता. त्या चित्रांत बाण धनुष्याला वळसा घालताना स्पष्ट दिसला.

आता तुम्ही म्हणाल, चला, मग भरपूर वाकणारा बाण घेऊ. तसं नाही चालत! बाण वाकायला हवा, पण बेतानेच. फार मऊ बाण जास्त वाकतो आणि हळू उसळतो. शेपूट धनुष्याजवळ येतं तेव्हा ते नेमकं चुकीच्या बाजूला असतं आणि धनुष्यावर आपटतं. फार ताठ बाण वाकतच नाही. तो आपल्या त्या सात मीटरच्या गणिताप्रमाणे वागायला लागतो. बाणाची उसळी आणि दोरीचा वेळ यांचा मेळ बसला पाहिजे. म्हणून जोरकस धनुष्याला ताठ बाण, हलक्या धनुष्याला मऊ बाण. जोडी जमावी लागते.

नंदुरबारकडच्या सातपुड्यातले भिल्ल तिरकामठा करतात, त्याची दोरीसुद्धा बहुधा कळकाच्याच चिवट पट्टीची असते. अशी हत्यारं हाताने घडवणारा माणूस काडी बोटांनी वाकवून बघतो आणि कुठली ठेवायची, कुठली टाकायची ते ठरवतो. कारखान्यात हेच काम मोजून करतात. बाण 71 सेंटीमीटर, म्हणजे 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवतात. बरोबर मध्यावर 880 ग्रॅमचं वजन टांगतात. मग बाण किती खाली झुकला ते मोजतात. अर्धा इंच झुकला तर बाणाचा आकडा 500. एक इंच झुकला तर 1000. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ! दुकानात गेलात तर ही उलटी मोजणी लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात हे सगळं रोज जगणारे खेळाडू आहेत. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव घ्या. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तो तयार झाला. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. पुढे टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याचं धनुष्य रिकर्व्ह प्रकारचं. या धनुष्याची मूठ मध्ये इतकी कापलेली असते की बाण जवळजवळ मधोमध बसतो. मग वाकण्याचा प्रश्नच मिटला? नाही! दोरी अजून बोटांनीच सोडायची असते आणि ती बाजूला घसरतेच. म्हणून बाण जिथे टेकतो तिथे स्प्रिंगचं एक छोटं बटन बसवतात. पहिल्या पायरीला बाण उजवीकडे दाबला जातो ना, तो दाब हे बटन झेलतं. स्प्रिंग कमी-जास्त घट्ट करून बाणाची चाल बारीकशी सुधारता येते.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळे यांचं धनुष्य मात्र निराळं. ते कंपाउंड, टोकांना चाकं असलेलं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला हे दोघं एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा फक्त 17 वर्षांची होती! ओजसने अंतिम सामन्यात 15 बाण मारले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात. 50 मीटरवरून ते वर्तुळ असतं फक्त आठ सेंटीमीटरचं. कंपाउंडची दोरी बोटांनी सोडत नाहीत. हातातल्या छोट्या यंत्राचा खटका दाबला की ती सुटते. बोटंच नाहीत, तर बाजूला घसरणार कशावरून? त्यामुळे या बाणाचं डावं-उजवं वळवळणं खूपच कमी. वाकतो तोही, पण थोडासाच आणि बहुतेक वर-खाली.

आता तुमच्या खराट्याच्या बाणांकडे वळू. सारख्या लांबीच्या दहा काड्या घ्या. दोन पुस्तकांच्या चळती समोरासमोर ठेवून एकेक काडी त्यांवर आडवी ठेवा. मध्यावर एक छोटं वजन दोऱ्याने टांगा आणि काडी किती झुकते ते पट्टीने मोजा. एकसारख्या झुकणाऱ्या काड्या एका गटात ठेवा. मग प्रत्येक गट तुमच्या धनुष्यातून मारून बघा. कुठला गट एकाच जागी लागतो? तुमच्या धनुष्याची जोडी तीच.

दोन नियम मात्र पाळायचेच. टोकाला चिंधीचा गोळा बांधा आणि माणूस, जनावर, पाखरू यांच्यावर कधीही रोखू नका. दुसरा नियम, बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणात जायचा सगळा जोर मग धनुष्यालाच बसतो आणि ते मोडतं.

आणि हे घ्या शेवटचं कोडं. उजव्या हाताने दोरी ओढणारी तुमची मैत्रीण नेम बरोबर धरते, दोरीही नीट सोडते. तरी तिचे सगळे बाण डावीकडे जातात. धनुष्य बदलायचं नाही. बाणात काय बदलाल?

आठवलं का ते सात मीटरचं गणित? डावीकडे जातो तो न वाकणारा, ताठ बाण. मग त्याला मऊ करा. टोक थोडं जड करा, म्हणजे ते जास्त अडेल आणि काडी जास्त वाकेल. किंवा तेवढ्याच जाडीची, पण जास्त लांब काडी घ्या. लांब काडी लवकर वाकते, हे खोडरबराच्या प्रयोगात तुम्ही पाहिलंच.

आणि बाण उजवीकडे जात असतील तर? ते मी नाही सांगणार. कात्री घ्या आणि कामाला लागा!