तक्त्यातून डेटाबेसकडे : आधी मोजा, मग हलवा

ऑक्टोबर २०२० मध्ये 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या संस्थेला एक चूक कबूल करावी लागली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील करोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नव्हते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली जात होती. अशा फाइलच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. पान भरले आणि पुढच्या नोंदी मुकाट्याने गळाल्या. रुग्णांना चाचणीचा निकाल कळला होता. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

एक्सेल २००७ पासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींपर्यंत वाढली आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच. स्प्रेडशीटच्या चौकटीत काहीही लिहिता येते. रिलेशनल डेटाबेसला शिस्त लागते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या रचनेत प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती येणार हे ठरलेले असते आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख असते.

एखाद्या वाचनालयाचे उदाहरण घेऊ. तक्त्यात प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीपुढे सभासदाचे नाव व पत्ता पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. एकदा 'वि. ग. जोशी', तर एकदा 'विनायक जोशी'. माणसाला ते एकच वाटतात, संगणकाला दोन. म्हणून सभासद, पुस्तके आणि देवघेव असे तीन तक्ते करावेत आणि ते सभासद क्रमांक व पुस्तक क्रमांकाने जोडावेत.

त्यानंतर फाइल सीएसव्ही स्वरूपात साठवावी. देवनागरी मजकूर असल्यास यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. अन्यथा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा धोका असतो. '००४५' हा क्रमांक नुसता '४५' झाला नाही ना, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हेही आधीच तपासावे.

ही माहिती थेट मुख्य तक्त्यांत भरू नये. प्रथम एका तात्पुरत्या तक्त्यात सर्व रकाने साध्या मजकुराच्या रूपात घ्यावेत. तेथे दुबार व रिकाम्या नोंदी शोधून दुरुस्त कराव्यात आणि मगच एकाच 'ट्रान्झॅक्शन'मध्ये पुढे न्याव्यात. मध्येच अडथळा आला, तर सारे पूर्ववत करता येते आणि अर्धवट भरलेले काही मागे राहत नाही.

शेवटी मोजणी. मूळ फाइलमध्ये किती ओळी होत्या, डेटाबेसमध्ये किती पोहोचल्या, किती आणि का वगळल्या? सभासदांच्या अनामत रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळते का? हिशेब लागेपर्यंत मूळ फाइल जपून ठेवावी. प्रयोगशाळांकडून आलेल्या आणि पुढे पोहोचलेल्या नोंदींची अशी तुलना रोज झाली असती, तर इंग्लंडमधील गळती आठवडाभर लपून राहिली नसती.