रॉक टंबलर बंद पडला? मोटर जळाली असं ठरवण्याआधी बेल्ट काढून बघा

नदीकाठी सापडलेली गारगोटी ओली असताना चमकते, घरी येऊन वाळली की साधा दगड होऊन बसते. ती चमक कायमची आणण्यासाठी रॉक टंबलर वापरतात. महाराष्ट्रातल्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले अकीक आणि गारगोट्या यासाठी उत्तम असतात, कारण ते कठीण असतात.

पण हे काम तासाभराचं नाही. जाड पावडर, मध्यम पावडर, बारीक पावडर आणि शेवटी पॉलिश, असे चार टप्पे असतात. प्रत्येक टप्पा साधारण आठवडाभर चालतो. म्हणजे एका घाण्यासाठी मोटर जवळपास ६७० तास फिरते, तीही बहुतेक वेळा घरात कुणी लक्ष देत नसताना. म्हणून तिसऱ्या आठवड्यात मशीन थांबलं की पहिला निष्कर्ष निघतो, ‘मोटर जळाली’. अनेकदा दोष दुसरीकडेच असतो आणि चांगली मोटर भंगारात जाते.

मशीन चालतं कसं?

बहुतेक घरगुती टंबलरमध्ये ड्रम थेट मोटरला जोडलेला नसतो. मोटर एक छोटी पुली फिरवते, त्यावरचा रबरी बेल्ट मोठी पुली फिरवतो, त्यामुळे एक शाफ्ट फिरतो आणि त्या शाफ्टवर ठेवलेला ड्रम लोळत राहतो. शाफ्टची टोकं बुशमध्ये बसवलेली असतात.

मोटर, बेल्ट, बुश, ड्रम. या साखळीत कुठेही अडलं तरी बाहेरून दिसतं एकच, ड्रम फिरत नाही.

दोष नेमका कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

यासाठी भार एकेक करून कमी करायचा. कशालाही हात लावण्याआधी दर वेळी प्लग काढायचा.

१. ड्रम उचलून बाजूला ठेवा आणि मशीन सुरू करा. शाफ्ट नीट फिरत असेल तर अडचण ड्रममध्ये आहे. तो जास्त भरला असेल किंवा सरकून फ्रेमला घासत असेल. ड्रम साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरतात. ३ पौंडांचा ड्रम म्हणजे सुमारे १.३६ किलो. या वजनात दगडांसोबत पाणी आणि पावडरही मोजावी लागते, काही मशीनमध्ये ड्रमचं स्वतःचं वजनसुद्धा.

२. प्लग काढून बेल्ट उतरवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. तो सहज फिरायला हवा. करकर आवाज आला किंवा जड लागला, तर बुशमध्ये पावडरचा गाळ शिरला आहे. झाकणातून झिरपलेलं पाणी हे याचं नेहमीचं कारण. शाफ्ट काढून पुसा, बुश स्वच्छ करा, झाकणाचं रबर तपासा.

३. बेल्ट नसतानाच मोटर सुरू करा. ती पूर्ण वेगाने फिरली तर बेल्ट पाहा. भेगा पडलेला किंवा सैल बेल्ट घसरतो. फार ताणलेला बेल्टही वाईट, तो मोटरवर आणि बुशवर सतत ओढ देतो.

हे सगळं ठीक असूनही भार दिल्यावर मोटर दमत असेल, तर मात्र दोष मोटरचाच.

नुसती गुणगुण येते, फिरत नाही?

लहान टंबलरमध्ये बऱ्याचदा ‘शेडेड पोल’ प्रकारची मोटर असते. तिला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे झिजणारे भाग कमी. पण सुरुवातीचा जोर मुळातच कमी असतो. बेअरिंगमधलं तेल सुकलं की मोटर गुणगुणते आणि जागेवरच तापते. अशा वेळी लगेच प्लग काढा. मोटरचा शाफ्ट हाताने फिरवल्यावर मोकळा होत असेल, तर साफसफाई आणि तेलाने ती पुन्हा चालू होऊ शकते.

कमी व्होल्टेजचाही असाच परिणाम होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर अशा मोटरचा जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो. वीज जाऊन काही तासांनी आली असेल, तर तोवर ड्रममधला गाळ तळाशी बसलेला असतो. म्हणून ड्रम काढून हाताने चार-पाच वेळा फिरवा, मगच मशीन सुरू करा.

मोटर काहीच आवाज करत नसेल तर आधी प्लग पॉइंट आणि वायर तपासा. अनेक मोटरना अतितापापासून वाचवणारं संरक्षण असतं. काहींमध्ये ते थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होतं, काहींमध्ये फ्यूज बदलावाच लागतो. तो फ्यूज वगळून थेट वायर जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तेल किती घालायचं?

शाफ्टच्या प्रत्येक बुशला हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब पुरतो. जास्त तेल बेल्टवर किंवा ड्रमखालच्या रबरावर गेलं की सगळं घसरायला लागतं. गंज सोडवणारा स्प्रे तेलाची जागा घेत नाही, तो लवकर उडून जातो. मोटरला तेलाची छिद्रं नसतील तर आत तेल ओतू नका.

अमेरिकेहून आणलेलं मशीन इथे चालेल?

तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडची एसी मोटर थेट इथल्या प्लगला लावली तर ती जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे मोटर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. मशीनला अडॅप्टर असेल आणि त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ही अडचण येत नाही.

मिक्सरची जुनी मोटर वापरता येईल?

घरी टंबलर बनवणाऱ्यांना हा मोह होतो. पण मिक्सरची मोटर थोडा वेळ जोरात चालण्यासाठी असते, अनेक मिक्सरवर ३० मिनिटांचंच रेटिंग छापलेलं असतं. आठवडाभर फिरायला सतत चालण्याचं रेटिंग असलेली मोटरच हवी.

धोक्याची खूण कोणती?

या मोटर चालताना बऱ्याच गरम होतात, त्यामुळे फक्त गरम लागली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. आपल्या मशीनचा रोजचा आवाज आणि रोजची उष्णता ओळखीची झाली की बदल लगेच कळतो. मोटर नेहमीपेक्षा जास्त तापली, जळका वास आला किंवा ती थांबून थांबून चालू लागली, तर मशीन बंद करा. टंबलर लाकडी कपाटात किंवा पडद्याजवळ नको, मोटरभोवती हवा खेळती हवी.

वाइंडिंग खरंच जळलं असेल तर ते काम मेकॅनिकचं. पण त्याच्याकडे नेण्याआधी ड्रम आणि बेल्ट काढून एकदा बघा. कदाचित फक्त बेल्ट बदलावा लागेल.